जरा पुढं घे

फोटो आला तेव्हा मी दौंडच्या यार्डात रुळांच्या मधे उकिडवी बसले होते आणि माझ्या हातात पाच मिलिमीटरची पट्टी होती. गाडी एका लाइनवरून दुसरीवर जाते तिथे एक निमुळता रूळ सरकून मोठ्या रुळाला चिकटतो, त्याला आम्ही सिग्नलवाले पॉइंट म्हणतो. त्या दोघांच्या मधे ही पट्टी धरायची आणि मशीन फिरवायला सांगायचं. मधे पट्टी असतानाही मशीनने पॉइंट नीट बसल्याचं कळवलं, तर मशीन खोटं बोलतंय, आणि त्या खोट्याच्या भरवशावर गाडी सोडली जाणार. एकवीस वर्षं मी हेच करते आहे. दसऱ्याचा दिवस होता. सकाळी रिले रूममध्ये पाने, पकडी, मीटर असं सगळं मांडून त्यावर झेंडू वाहिले होते, माझ्या पट्टीलाही हळदीकुंकू लागलं होतं. माझा मदतनीस संपत शिट्टी घेऊन गाड्यांवर नजर ठेवून उभा होता. खिशात मोबाईल दोनदा थरथरला. यार्डात मोबाईल बघायचा नाही हा नियम मीच सगळ्यांना ऐकवते, आणि मीच तो काढला. गावाकडून, न्हावऱ्याहून, दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, सर्जेरावाचा फोटो होता.

फोटोत आमच्या जुन्या ट्रॅक्टरचा डिलको होता. खरं नाव डिस्ट्रिब्युटर, पण गावातला म्हाळू मिस्त्री त्याला डिलको म्हणायचा म्हणून आमच्या घरात तो डिलकोच. पेट्रोलच्या इंजिनात चार सिलिंडर, आणि चौघांना आपापल्या वेळेला ठिणगी लागते. ती ज्याची त्याला वाटून देणारा हा मुठीएवढा डबा इंजिनाच्या अंगाला उभा बसवलेला असतो. वर काळं झाकण, झाकणातून निघालेल्या वायरी, आत गरागरा फिरणारा रोटर, आणि रोटरच्या खाली उघडझाप करणारे दोन बारीक तुकडे. त्यांनाही पॉइंटच म्हणतात. मला लोक विचारतात, बाई असून तुम्ही या पॉइंटच्या कामात कशा आलात, तेव्हा मी हसून काहीतरी सांगते. दादाने ब्रशने घासून सगळी काजळी काढली होती. डब्याच्या खालच्या कडेवरून खाली इंजिनाच्या लोखंडावर उतरलेली एक रेघ स्वच्छ दिसत होती, डब्यावरचा तुकडा आणि लोखंडावरचा तुकडा एकमेकांना बरोबर जुळवलेले होते. रेघेच्या खालच्या टोकाला एक छोटा आकडा होता, माशाच्या गळासारखा. फोटोखाली दादाचा आवाज होता. मी फोन कानाला लावला.

"अंजे, बघ काय घावलं. आप्पांची खूण. आन् बोल्टबी घट्ट हाय, एवढी वर्सं झाली तरी पाना लावल्याबिगर हालला न्हाई. म्हंजी मी ढिला सोडला न्हवता. मी पाण्याकडं गेल्यावर आप्पांनीच सोता फिरवला, खूण केली, आन् नाव माझं घेतलं. जाऊ दे. गेलेल्या माणसाला काय बोलायचं. त्यांच्याच खुणंवर बसवलाय आता. सव्वादोनचा मुहूर्त हाय, हँडल मारतो. यायला जमलं तर ये सोनं लुटायला."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. माणूस पाय मोकळे करून बसल्यावर जसं बोलतो तसा तो बोलत होता. मी तो निरोप परत ऐकला. संपतने हाक मारली, "मॅडम, पट्टी काढताय ना? मशीन आडलंय." मी पट्टी काढली आणि रजिस्टरमध्ये मशीनने खोटं बोलायला नकार दिला असं लिहिलं, म्हणजे आमच्या भाषेत जे लिहितात ते. ती खूण आप्पांची नव्हती. ती मी केली होती, कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने, आणि तो खालचा आकडा कर्कटक घसरलं तेव्हाचा होता. माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर त्याचा जोडीदार अजून आहे, पांढरा, अर्धा इंच.

दादाला मी फोन लावला. अकरा वाजायचे होते, पुष्कळ वेळ होता, एक वाक्य सांगायचं होतं. तिकडे रिंग वाजत राहिली आणि थांबली. फोन उचलला नाही म्हणून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. तो ट्रॅक्टरखाली असेल, हात ग्रीसने माखले असतील. मी इन्चार्जसाहेबांना सांगितलं की आईची तब्येत बिघडली आहे. म्हणजे खोटं बोलायला सुरुवात तिथूनच झाली, सवय होतीच. माझी आई, साखरबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, त्या वेळी अंगणात बसून पुरणाच्या डाळीवर देखरेख करत असणार. साहेब म्हणाले, जा जा, सणाचा दिवस आहे. साडेअकराला मी स्टँडवर होते.

दौंडहून चौफुला, आणि चौफुल्याला शिरूरची एसटी. सणामुळे गाड्या कमी आणि माणसं दुप्पट. बायकांच्या पिशव्यांतून झेंडू आणि आपट्याच्या डहाळ्या बाहेर आलेल्या, बाहेर रस्त्यावर हार घातलेल्या मोटारसायकली. मला खिडकीजवळ जागा मिळाली आणि मी हातात फोन धरून बसले. एक वाक्य कसं सांगायचं ते जुळवत होते. दादा, ती खूण चुकीची आहे. तो विचारणार, तुला काय म्हाईत? दादा, डिलको थोडा फिरव. तो विचारणार, का? मी कुठूनही सुरुवात केली तरी तिसऱ्या प्रश्नाला आम्ही त्या सकाळपाशी पोचत होतो. आणि त्या सकाळी मी कुठे होते हे घरात कुणालाच माहीत नाही. माझ्या जागी दादा होता असं सगळ्यांना माहीत आहे, आणि चूक आपलीच असं आजपर्यंत दादालासुद्धा वाटत होतं.

सत्त्याण्णव साल, जून. मी सतरा वर्षांची, दादा विशीतला. आमचा ट्रॅक्टर तेव्हाच म्हातारा होता, राखाडी, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचा. त्याची बॅटरीवर सुरू होण्याची सोय कधीच मेली होती. रेडिएटरच्या खाली भोकात हँडल घालायचं आणि वर ओढायचं. म्हाळू मिस्त्री डिलकोचं काम करायला घरी यायचा तेव्हा आम्ही दोघं भावंडं त्याच्या आजूबाजूला बसून राहायचो. पॉइंट पॉलिश पेपरने कसे घासायचे, मधे पत्ती घालून फट किती ठेवायची, रोटरला तेल एकच थेंब का. दादा हाताने शिकत होता, त्याला मिस्त्रीकडे कामाला ठेवायचंही ठरत होतं. मी कानाने शिकत होते. मिस्त्री सांगायचा, डिलकोचा खालचा बोल्ट ढिला करून अख्खा डबा जरासा फिरवता येतो, त्यावर ठिणगी लवकर पडणार की उशिरा ते ठरतं. रोटर ज्या अंगाला फिरतो त्याच्या उलट अंगाला डबा फिरवला की ठिणगी लवकर. त्याला म्हणायचं टायमिंग पुढं घेतलं. फार पुढं घेतलं तर हँडल मारताना इंजिन उलटा हिसका देतं आणि हँडल हातातल्या हातात मागे फिरतं, म्हणून अंगठा हँडलवर गुंडाळायचा नाही, बाहेर ठेवायचा. आणि एकदा नीट लावलं की खूण करायची. हे सगळं मला पाठ होतं. मला आयटीआयला जायचं होतं. फॉर्म आणलेला होता. आप्पा त्या आठवड्यात म्हणाले, "ह्या वर्षी ऱ्हाऊ दे, पुढं बघू." माझ्या शिक्षणातलं सगळं त्यांनी असंच पुढं ढकललेलं होतं. सायकल पुढं, सायन्स पुढं. पुढं हा शब्द मला त्या आठवड्यात तोंडात कडू लागत होता.

त्या सकाळी दादाने डिलकोचे पॉइंट घासले, झाकण बसवलं आणि मळ्यात पाणी फुटलंय म्हणून ओरडा झाला तसा तो पळाला. जाताना बोल्ट आवळायचा राहिला. नुसता बोटाने लावला होता, पाना तिथेच खाली पडलेला. आप्पांना हे माहीत नव्हतं. ते पुढे रेडिएटरपाशी वाकून हँडल मारत होते, मी बाजूला डिलकोपाशी बसले होते. बसलेल्या माणसाला तिथून पलीकडचा माणूस दिसत नाही, आणि वाकलेल्या माणसाला बसलेला दिसत नाही. आप्पांनी दोनदा हँडल मारलं. दोन्ही वेळा हँडलने थोडासा हिसका दिला, मी लोखंडाचा आवाज ऐकला. मग पलीकडून ते म्हणाले, "सर्ज्या, जरा पुढं घे."

आता अठ्ठावीस वर्षं मी या चार शब्दांपाशी बसलेली आहे. आप्पा मिस्त्री नव्हते. लग्न पुढं गेलं, बाजार पुढं गेला, तारीख पुढं ढकलली, असं बोलणारं माणूस. त्यांच्या पुढं म्हणजे नंतर, उशिरा. ठिणगी जरा उशिरा पडू दे. मिस्त्रीच्या पुढं म्हणजे लवकर. एकाच शब्दाच्या दोन टोकांना दोन माणसं उभी होती आणि मला दोघांचीही भाषा येत होती. हँडलने हिसका दिला म्हणजे ठिणगी आधीच लवकर पडते आहे, हेही मला कळत होतं, म्हणजे आप्पांना काय हवं होतं ते मला कळायला हवं होतं. कळलं होतं का? मी एवढंच विचारायचं होतं, की आप्पा, पुढं म्हंजी कुठं? चार शब्दांना चार शब्द. पण विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं की इथे सर्ज्या नाही, मी आहे, आणि ते म्हणाले असते, तू हो बाजूला. मला बाजूला व्हायचं नव्हतं. मी डबा मिस्त्रीच्या पुढंला फिरवला, चांगला बोटभर. पाना घेऊन बोल्ट जीव खाऊन आवळला. दप्तर पाठीमागे ओट्यावर हाताशीच होतं, त्यातल्या कंपासपेटीतलं कर्कटक काढून खूण केली, ते घसरलं, बोट कापलं. मी बोट तोंडात घातलं आणि आप्पांनी हँडल मारलं.

चौफुल्याला मी उतरले तेव्हा एक वाजत आला होता. शिरूरची गाडी नव्हती. लोक रांगेत नव्हते, नुसते विखुरलेले होते, आणि गाडी आली की सगळे एकदम दाराकडे धावणार हे प्रत्येकाला माहीत होतं. मी पाण्याची बाटली घेतली आणि प्यायचं विसरले. उजव्या मनगटात काहीतरी ठसठसत होतं, माझ्या, जिथे मला काही झालेलं नाही तिथे. अंगठा आप्पांनी बाहेर ठेवला होता, तरी मनगट गेलं. हाड बसवणाऱ्याने ते वाकडं बसवलं आणि ते वाकडंच राहिलं. पुढच्या सत्तावीस वर्षांत आप्पांनी फेटा एकदाही स्वतः बांधला नाही. कप डाव्या हाताने. दसऱ्याला सोनं द्यायला मात्र तोच हात पुढे करायचे, वाकडा, पानं अर्धी सांडत. सगळ्यांना त्या हाताने. फक्त दादाची पाळी आली की आपट्याची पानं ओट्याच्या कडेला ठेवायचे आणि म्हणायचे, "घे." दादा ती उचलून त्यांच्या पाया पडायचा. आप्पांना वाटायचं सर्ज्यानेच डबा उलटा फिरवला, पण त्याचं नाव घेण्यापलीकडे ते कधी काही बोलले नाहीत. दादाला वाटायचं बोल्ट त्याने ढिला सोडला, डबा हँडलच्या धक्क्याने सरकला आणि हे झालं. त्याने एका शब्दाने स्वतःची बाजू मांडली नाही. म्हाळू मिस्त्रीकडे त्याला पाठवायचं बंद झालं. आप्पा गावात सांगू लागले, पोराला मशिनीतलं कळत न्हाई, पोरीला कळतं. आणि ऑगस्टमध्ये, गळ्यात बांधलेल्या हातासकट, ते स्वतः शिरूरला जाऊन माझा आयटीआयचा फॉर्म भरून आले. माझी नोकरी, दौंडचं क्वार्टर, माझ्या नावापुढे टेक्निशियन, हे सगळं तिथून आलं. ट्रॅक्टर परत कुणी सुरू केला नाही. तो या दसऱ्यापर्यंत शेडमध्येच पडून होता, आणि दादाने पुढे घेतलेला डिझेलचा ट्रॅक्टर वेगळा, त्याला डिलकोच नसतो.

मी परत फोन लावला. दादाने लगेच उचलला.

"दादा, हँडल मारू नको."

"का गं?"

"हाताला लागंल. वय झालंय आता."

"अठ्ठेचाळीसला काय वय म्हणत्यात व्हय? अंगठा भायेर ठिवून मारतो. मिस्त्रीनं शिकवलंयच की."

"आदी कुणातरी मिस्त्रीला दाखव."

"कुणाला? म्हाळू मिस्त्री जाऊन धा वर्सं झाली. आताच्या पोरांना डिझेलच म्हाईत, डिलको बघून इचारत्यात ह्यो कसला डबा. आन् दाखवायचं कशाला? आप्पांची खूण हाय."

"ती खूण," मी म्हणाले आणि थांबले.

"काय?"

"जुनी हाय."

"जुनी हाय म्हणूनच," तो हसून म्हणाला. "येतीस का? ये मग. पुरणपोळी हाय."

फोन बंद झाल्यावर मी स्वतःला एक शिवी दिली, मोठ्याने, बाजूच्या माणसाने वळून पाहिलं. जुनी हाय. एकवीस वर्षं पट्टी घेऊन मशीनचं खोटं पकडणारी बाई. मला खरोखर काय वाटत होतं ते सांगते. दादाचा हात मोडेल याची भीती वाटत होती. पण त्याच्या शेजारी आणखी एक गोष्ट बसली होती, लहान, गुपचूप. ती म्हणत होती, कदाचित ट्रॅक्टर सुरूच होणार नाही. इतक्या वर्षांत कॉइल मेली असेल, ठिणगीच पडणार नाही, मुहूर्त जाईल, सगळे जेवायला बसतील आणि काही सांगावं लागणार नाही. सकाळपासून मी या गोष्टीची मनधरणी करत होते. आणि आता त्या निरोपामुळे आणखी एक माणूस अडकला होता. कालपर्यंत फक्त दादा गुन्हेगार होता, आज आप्पा झाले. स्वतः फिरवून पोरावर ढकलणारा बाप. त्यांना जाऊन गेल्या भाद्रपदात वर्ष झालं, ते काही उठून सांगू शकत नाहीत की मी कवाच त्या डब्याला हात लावला न्हाई. मला ते एकदम सहन होईना. जिवंत माणसाला अठ्ठावीस वर्षं माझ्या जागी उभं करून मला झोप लागत होती, आणि मेलेल्याला एक दिवस उभं केलं तर घाम फुटला.

एसटी आली तेव्हा एक पस्तीस झाले होते. उभं राहायला जागा मिळाली. गाडी प्रत्येक फाट्याला थांबत होती, प्रत्येक थांब्याला कुणीतरी डहाळ्यांचा भारा चढवत होतं, कंडक्टर त्यांच्याशी भांडत होता आणि पानं सगळ्यांच्या अंगावर सांडत होती. दोन वाजता पारगावच्या पुलाच्या अलीकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली, सजवलेल्या, गुलाल उधळत, आणि गाडी गोगलगाईसारखी चालू लागली. न्हावरं अजून बरंच लांब होतं. दोन वाजून सात मिनिटांनी मी पुलावर, खाली भीमेचं पाणी बघत, फोन लावला. दादाच्या फोनवर त्याची मुलगी बोलली, अपेक्षा, शिरूरच्या कॉलेजात आहे.

"आत्या, कुठं पोचलाय? मी व्हिडिओ काढतीय. पप्पा हँडल घालत्यात."

"त्याला थांबव."

"मुहूर्त जाईल म्हणत्यात. स्पीकरवर टाकू?"

"टाक. त्याला म्हणावं, डिलको जरा मागं घे."

ती ओरडली, "पप्पा, आत्या म्हणती डिलको मागं घ्या." लांबून दादाचा आवाज आला, चेष्टेचा, "मागं म्हंजी कुठं? माझ्या मागं का इंजिनाच्या मागं?"

मी मागं म्हणाले होते, म्हणजे मिस्त्रीचं मागं, उशिरा. तो आप्पांसारखा बोलतो, आप्पांसारखंच ऐकतो. त्याचं मागं म्हणजे आधी. मी फोनवरून त्याला परत त्याच बाजूला ढकलत होते. पुढं म्हटलं तरी धोका आणि मागं म्हटलं तरी धोका, आणि तो हँडलपाशी वाकलेला, अंगठा बाहेर ठेवून, आप्पांनी ठेवला होता तसाच. दोन टोकं नसलेलं असं माझ्याजवळ एकच वाक्य उरलं होतं.

"दादा, ती खूण माझी हाय," मी म्हणाले. एसटीत आवाज होता म्हणून मी ओरडूनच म्हणाले. "आप्पांची न्हाई. मी केली, कर्कटकानं. तू पाण्याकडं गेल्तास तवा मी फिरवला, आप्पांनी तुझं नाव घेतलं आन् मी फिरवला. उलट्या अंगाला फिरवला. बोल्टबी मीच आवळला. हँडल मारू नको, हात जाईल तुझा."

शेजारच्या बाईने डहाळ्यांचा भारा छातीशी धरला आणि माझ्याकडे बघत राहिली. फोनमध्ये वारा होता, कुठेतरी लांब ढोल वाजत होता. मग अपेक्षा हळू आवाजात म्हणाली, "आत्या, पप्पांनी हँडल भायेर काढलं." आणि फोन बंद झाला. बाहेर काढलं म्हणजे ठेवून दिलं का परत घालायला काढलं, हे मला कळलं नाही. मी परत लावला, उचलला नाही. परत लावला नाही. पुढचा पाऊण तास कसा गेला ते मला सांगता येणार नाही. सव्वादोन वाजले, अडीच वाजले, मी मनगट घट्ट धरून उभी होते. कंडक्टरने दोनदा विचारलं, बाई, बरं वाटत न्हाई का.

फाट्यावरून वस्तीपर्यंत मी चालत गेले, जवळजवळ पळत. शेडसमोर ट्रॅक्टर उभा होता, राखाडी, धुतलेला, रेडिएटरवर झेंडूचा हार. आई बाजेवर बसली होती, तिला कमी ऐकू येतं. तिने माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाली, "उशीर केलास गं. मुहूर्त गेला. ह्याला काय झालंय, जेवलाबी न्हाई." दादा पुढच्या चाकाला टेकून खाली बसला होता. हँडल त्याच्या मांडीवर आडवं होतं. दोन्ही हात धड होते. मी ते आधी पाहिले, मग त्याच्याकडे. तो माझ्याकडे बघत नव्हता. अपेक्षा घरात गेली.

"बोल्ट कुणी आवळला म्हणालीस?"

"मी."

"पान्यानं?"

"व्हय."

"अठ्ठावीस वर्सं," तो म्हणाला. हँडलवरून त्याने बोट फिरवलं, ग्रीस पुसून काढल्यासारखं. "अठ्ठावीस वर्सं मी झोपायच्या आदी त्यो बोल्ट आवळतोय, अंजे. मनात. पळायच्या आदी परत फिरतो, पाना उचलतो, आवळतो. मंग झोप लागती. रोज."

चूक झाली म्हणावं तर ती चूक होती का हेच मला माहीत नाही, आणि ते मी त्याला सांगितलं, जसं जमलं तसं. फॉर्मचं सांगितलं, रागाचं सांगितलं, हिसक्याचा आवाज ऐकला होता हेही सांगितलं. तो ऐकत होता की नव्हता, कळलं नाही. आई बाजेवरून विचारत होती, काय म्हंतीय ती?

"आप्पांना म्हाईत हुतं?"

"न्हाई."

"कवाच न्हाई सांगितलंस?"

"न्हाई."

तो उठला, खिशातून पाना काढला आणि माझ्या हातात न देता डिलकोच्या शेजारी, मडगार्डवर ठेवला. "लाव," तो म्हणाला आणि हँडल घेऊन पुढे गेला.

मी पाना उचलला आणि पर्समधून बारीक पत्त्यांचं गेज काढलं, ते माझ्याजवळ कायम असतं. डिलकोपाशी बसले. झाकण काढलं. आतून स्वच्छ. पॉइंटमधे पत्ती घातली, ती जितकी अडायला हवी तितकीच अडली. दादाने फट अगदी नेमकी लावली होती, म्हाळू मिस्त्रीनेही यापेक्षा चांगली लावली नसती. पोराला मशिनीतलं कळत न्हाई. मी झाकण बसवलं, बोल्ट ढिला केला आणि माझी रेघ मोडून डबा रोटरच्या अंगाला फिरवला, जिथे तो अठ्ठावीस वर्षांपूर्वी असेल असं वाटलं तिथपर्यंत. अंदाजच तो. बोल्ट हाताने लावला. पलीकडून लोखंड लोखंडात शिरल्याचा आवाज आला. दादा वाकला होता, रेडिएटरच्या आड मला त्याचं काहीच दिसत नव्हतं. त्याने हँडल अर्धंच, सावकाश ओढलं. इंजिन आतल्या आत कण्हलं आणि हँडलने एक छोटा हिसका दिला, मी तो आवाज ओळखला.

"अजून हाणतंय," तो पलीकडून म्हणाला. "जरा पुढं घे."

त्याला माहीत नव्हतं. तो त्या सकाळी पाण्याकडे होता, आप्पा काय म्हणाले ते त्याने कधी ऐकलेलंच नाही, आणि मघाशी मीही ते चार शब्द सांगितले नव्हते. आमच्या घरात असंच बोलतात म्हणून तो तसं बोलला. माझा हात डब्यावर होता. कुठल्या अंगाला फिरवायचं ते मला ठाऊक होतं, शंभर टक्के ठाऊक होतं.

"दादा," मी म्हणाले, "पुढं म्हंजी कुठं?"

पलीकडून हँडल भोकातून निघाल्याचा आणि जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि दादा रेडिएटरला वळसा घालून माझ्या बाजूला आला.